शंभर वर्षांच्या चिंचेची भरपाई दहा रोपांनी होत नाही

माननीय संपादक यांस,

सविनय नमस्कार.

रस्ता रुंद करायचा असो, इमारत उभारायची असो की विजेची वाहिनी न्यायची असो, कामाच्या आड येणाऱ्या झाडांची यादी होते आणि त्या यादीत चिंचेच्या झाडापुढे ‘नग एक’ अशी नोंद पडते. मग त्या एकाच्या बदल्यात पाच, दहा किंवा त्याहून अधिक रोपे लावण्याची अट घातली जाते, रोपे लावल्याची छायाचित्रे काढली जातात आणि भरपाई झाली असे धरून काम पुढे सरकते. चिंचेच्या बाबतीत हा हिशेब मुळातच चुकतो, असे माझे ठाम मत आहे. ते केवळ जुन्या झाडांविषयीच्या जिव्हाळ्यातून आलेले नाही. हे झाड कसे वाढते, कसे फळते आणि किती काळ जगते हे पाहिले की त्याखेरीज दुसरा निष्कर्ष निघत नाही. तो आपल्या वाचकांपुढे सविस्तर ठेवावा, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

चिंचोका रुजायला फारसा वेळ लावत नाही. रात्रभर पाण्यात भिजवून ओल्या मातीत पेरलेला ताजा चिंचोका साधारण एक-दोन आठवड्यांत वर येतो आणि त्यामुळे चिंच वाढवणे हे सोपे काम आहे, असा समज होतो. वेळ लागतो तो पुढे. माती बरी असली आणि सुरुवातीची काही वर्षे पाणी मिळाले, तरी रोप वर्षाला सुमारे दोन फूटच वाढते. बियांपासून वाढवलेल्या झाडाला पहिल्या चिंचा धरायला सात-आठ वर्षे लागतात आणि जमीन हलकी असेल, देखभाल कमी पडली असेल, तर त्याहून बरीच अधिक वर्षे जातात. एकदा ते भरात आले, की मात्र पन्नास-साठ वर्षे भरघोस पीक देत राहते. पुढे उत्पन्न हळूहळू उतरते, पण झाड उभेच असते. दोनशे वर्षांपर्यंत जगू शकणारे हे झाड आहे. पूर्ण वाढीला त्याची उंची २० ते ३० मीटरपर्यंत आणि बुंध्याचा घेर सात मीटरपर्यंत जाऊ शकतो, आणि चांगल्या स्थितीतले मोठे झाड वर्षाला १५० ते २२५ किलो चिंच देते. दर वर्षी सारखेच पीक येते असे नाही. एखादे वर्ष झाड लगडून जाते, तर पुढचे रितेच जाते.

आता दहा रोपांचा हिशेब याच्या शेजारी ठेवून पाहावा. पहिली सात-आठ वर्षे ती दहाही रोपे मिळून एक शेंग देत नाहीत. सावलीचे गणित तर आणखी बोलके आहे. जुन्या चिंचेचा पसारा १५ मीटर व्यासाचा धरला, तर तिच्याखाली सुमारे १७५ चौरस मीटर जागा सावलीत असते. नव्या रोपाचा पसारा एक मीटर धरला, आणि हे उदारपणे धरलेले माप आहे, तरी तेवढी सावली जमवायला २२५ रोपे लागतील. चिंचेला नीट वाढायचे असेल, तर दोन झाडांमध्ये किमान दहा मीटर अंतर हवे. म्हणजे ती २२५ रोपे योग्य अंतरावर लावायची झाल्यास सव्वादोन हेक्टर, सुमारे साडेपाच एकर, मोकळी जमीन पाहिजे. एका झाडाच्या बदल्यात एवढी जमीन कोणीही देत नाही. प्रत्यक्षात रोपे हातभर अंतरावर दाटीने लावली जातात आणि त्यांतली बहुतेक एकमेकांना दडपून तरी मरतात किंवा पाण्यावाचून तरी वाळतात. काही ठिकाणी कलमे लावून हा काळ कमी करण्याचा मार्ग सुचवला जातो. चिंचेचे कलम तीन-चार वर्षांत फळते हे खरे आहे आणि बागायतीसाठी ते अगदी योग्यही आहे. पण कलमी झाड बियांच्या झाडाइतके उंच आणि विस्तीर्ण होत नाही, त्यामुळे वाटसरूच्या सावलीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

याच संदर्भात मुळांविषयी लिहिणे आवश्यक वाटते, कारण रोपे मरण्याचे एक मोठे कारण तिथे दडलेले आहे. चिंचेचे सोटमूळ लवकर आणि खोल जाते. जमिनीवर वीतभर रोप दिसत असते, तेव्हा खाली मूळ त्याहून बरेच पुढे गेलेले असते. असे रोप छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत वर्ष-दोन वर्षे ठेवले, की मूळ पिशवीच्या तळाशी पोहोचून गोल गोल फिरू लागते आणि त्याची गुंडाळी होते. पुढे ते रोप जमिनीत लावले, तरी ती गुंडाळी सहसा सुटत नाही. वरून हिरवेगार दिसणारे झाड खालून पांगळे राहते. खोल पिशवीत थोडेच दिवस वाढवलेले रोप किंवा सरळ जागेवरच पेरलेला चिंचोका हे दोन्ही उपाय मोठ्या, ‘छायाचित्रात चांगल्या दिसणाऱ्या’ रोपापेक्षा अधिक भरवशाचे आहेत. ज्या झाडाचे सोटमूळ शाबूत आहे, ते वादळवाऱ्यालाही चांगले टिकते, कारण त्याच्या फांद्या चिवट असतात आणि वाकतात, पण सहजासहजी मोडत नाहीत. समुद्रकाठचे खारे वारेही ते सोसते. सोसत नाही ते साचलेले पाणी. पाणी तुंबणाऱ्या खड्ड्यात लावलेली चिंच तगत नाही. मोठे झाड मुळासकट उचलून दुसरीकडे लावण्याचा पर्यायही अलीकडे वारंवार पुढे येतो. त्यात सोटमूळ कापावेच लागते, आणि ज्या झाडाची सारी ताकद त्या मुळात आहे त्याच्याबाबत हा पर्याय हमखास उपाय म्हणून मांडणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

जुन्या चिंचा वाचवाव्यात या मागणीवर एक आक्षेप घेतला जातो, तो असा की चिंच मुळात परकी आहे आणि म्हणून तिच्यासाठी एवढा आग्रह धरू नये. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली तिला ‘टॅमरिंडस इंडिका’ असे शास्त्रीय नाव दिले असले, तरी तिचे मूळ स्थान उष्ण कटिबंधीय आफ्रिका हेच मानले जाते, हे बरोबर आहे. तिथल्या कोरड्या माळरानांवर ती वारुळांच्या आधाराने आणि गोरखचिंचेच्या शेजाराने वाढलेली आढळते. पण भारतात ती इतक्या प्राचीन काळी आली आणि इतकी रुळली, की पुढे दीर्घकाळ ती इथलीच समजली गेली. स्पॅनिश आणि पोर्तुगीज लोकांनी ती अमेरिका खंडात नेली, तेव्हा ती आशियात शतकानुशतके वाढत होती. परकी म्हणून ज्या झाडांना विरोध करावा ती झाडे वेगाने पसरून इतरांची जागा बळकावणारी असतात. चिंच हळू वाढते, शेंगा खाणाऱ्या माकडांसारख्या प्राण्यांमार्फत थोडी थोडी पसरते आणि जिथे असते तिथल्या जीवांना पोसते. मादागास्करच्या दक्षिणेकडील नदीकाठच्या जंगलांत वलयांकित शेपटीचे लेमूर हे माकडासारखे प्राणी चिंचेच्या शेंगांवर आणि पानांवर एवढे अवलंबून असतात, की चिंच विरळ झाली तर त्यांचे जगणेच कठीण होते. कर्नाटकात देवनहळ्ळीजवळच्या नल्लूर येथील जुन्या चिंचांच्या राईला २००७ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा देण्यात आला आणि असा दर्जा मिळालेले ते देशातील पहिले ठिकाण ठरले. जुन्या चिंचा एकत्रितपणे वारसा ठरू शकतात, तर रस्त्याकडेची एकटी जुनी चिंच नुसती ‘नग’ कशी ठरते, हे मला समजत नाही.

चिंचेकडे आपण एरवी फळापुरतेच पाहतो आणि फळाकडेही आंबटपणापुरतेच. थोडे जवळून पाहिले, तर ते फूलही विलक्षण आहे. कळ्या गुलाबी असतात, कारण बाहेरची निदले, म्हणजे कळीला झाकणारी दले, गुलाबी असतात. ती उघडली की आतून जेमतेम इंचभराचे फिकट पिवळे फूल दिसते आणि त्याच्या पाकळ्यांवर तांबड्या-केशरी शिरांचे बारीक जाळे असते. पाकळ्या पाच, पण दिसतात तीनच, कारण उरलेल्या दोन आक्रसून केसासारख्या झालेल्या असतात. परागकण देणारे पुंकेसरही तीनच. मधमाश्या या फुलांवर मोठ्या संख्येने येतात, तरीही एका घोसातल्या थोड्याच फुलांची पुढे शेंग होते. फुलापासून पिकलेल्या चिंचेपर्यंत आठ ते दहा महिने जातात. कोवळेपणी टरफल हिरवट असून आतल्या गराला घट्ट चिकटलेले असते. चिंच गाभुळली की गर टरफलापासून सुटू लागतो. पूर्ण पिकली की गर आटून तांबूस-तपकिरी होतो, टरफल ठिसूळ बनते आणि शेंगेवर बोटाने टिचकी मारली तर पोकळ आवाज येतो. आत गराला धरून ठेवणाऱ्या जाड शिरा आणि त्यात एकापासून बारापर्यंत चिंचोके असतात.

या गराची आम्लता बहुतेक फळांपेक्षा वेगळी आहे. लिंबात सायट्रिक आम्ल असते, कैरीतही प्रामुख्याने तेच. चिंचेत मुख्य आम्ल टार्टरिक, जे द्राक्षातही असते, पण चिंचेच्या गरात त्याचे प्रमाण ८ ते १८ टक्क्यांपर्यंत, म्हणजे फळांमध्ये अपवादानेच आढळावे एवढे असते. सर्वसाधारण फळ पिकताना त्यातले आम्ल कमी होत जाते. चिंचेतले टार्टरिक आम्ल पिकताना जवळजवळ तसेच राहते. वाढते ती साखर, जी पक्व गरात २५ ते ४५ टक्क्यांपर्यंत असते. म्हणून पिकलेली चिंच आंबट आणि गोड दोन्ही लागते आणि पाणी कमी, आम्ल अधिक असल्यामुळे ती वर्षभर टिकते. आंबट आहे म्हणून तिच्यात ‘क’ जीवनसत्त्व भरपूर असेल, ही समजूत मात्र चुकीची आहे. ते तिच्यात अगदी थोडे असते. पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि ‘ब१’ जीवनसत्त्व यांचे प्रमाण चांगले असते.

चिंचोक्याची उपयुक्तता तर बहुतेकांच्या गावीही नसते. १९४२ मध्ये टी. पी. घोष आणि एस. कृष्णा या भारतीय शास्त्रज्ञांनी साल काढलेल्या चिंचोक्यात जेलीसारखा घट्ट होणारा पदार्थ ४६ ते ४८ टक्के असल्याचे जाहीर केले. आज चिंचोक्याची पूड सुताला खळ देण्यासाठी कापड आणि ताग उद्योगात, तसेच खाद्यपदार्थांना दाटपणा आणण्यासाठी वापरली जाते आणि तिच्यातले शुद्ध केलेले बहुशर्करीय द्रव्य कोरड्या डोळ्यांसाठीच्या थेंबांतही असते. फळाच्या वजनात चिंचोक्यांचा वाटा सुमारे एक-तृतीयांश असतो. चिंच फोडून गर विकणारा तो वाटा टाकून देतो किंवा मातीमोल विकतो, हे फार मोठे नुकसान आहे.

चिंच रस्त्याकडेला किंवा वस्तीजवळ नकोच, असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. तिच्याखाली झोपू नये, तिच्याखाली जनावर बांधू नये, हा समज अनेक देशांत आढळतो. त्याचे मूळ बहुधा तिच्या पानांच्या आम्लतेत आहे. दमट हवेत गळून पडलेली ओली पाने कापडावर राहिली, तर ते खराब होते. तिच्या दाट सावलीत फारसे दुसरे काही उगवत नाही हेही खरे आहे आणि त्यामुळे शेताच्या मधोमध ती लावू नये हा सल्ला योग्य आहे. पण रस्त्याच्या कडेला, बाजाराच्या मोकळ्या जागेत, शाळेच्या आवारात जमीन स्वच्छ राहणे हा दोष कसा मानायचा? पाने रात्री मिटतात, म्हणून झाड ‘विषारी हवा’ सोडते असेही काही जण सांगतात. चिंचेच्या प्रत्येक पानात दहा ते वीस पर्णिकांच्या जोड्या असतात आणि अंधार पडला की त्या जवळ येऊन मिटतात. शेंगाकुळातील अनेक झाडांमध्ये हे घडते आणि त्याचा माणसाच्या प्रकृतीशी काहीही संबंध नाही.

उभ्या असलेल्या झाडांचेही आपण नुकसान करतो, ते काढणीच्या वेळी. चिंच पिकल्यावरही काही महिने झाडावर टिकून राहते, आणि तेवढ्यात नवी पालवी, कधी कधी पुढच्या बहराच्या कळ्याही फुटू लागलेल्या असतात. अशा वेळी लांब काठ्यांनी फांद्या झोडपल्या, की या वर्षीच्या शेंगांबरोबर पुढच्या वर्षीचा बहरही खाली येतो. मग पुढच्या वर्षी झाड रिते गेले, की दोष झाडाला दिला जातो. फांदी हलवून पिकलेल्या तेवढ्या शेंगा पाडाव्यात आणि हाताशी येणाऱ्या देठ धरून तोडाव्यात, हीच योग्य पद्धत आहे. तिला वेळ आणि मजुरी अधिक लागते, हे मान्य आहे, पण त्या झाडाने पुढची कित्येक वर्षे फळायचे आहे. काढणी पूर्ण करण्यालाही महत्त्व आहे. चिंचोके पोखरणारा एक भुंगा शेंगेच्या टरफलावर अंडी घालतो, अळी आत शिरते आणि झाडावर किंवा झाडाखाली राहून गेलेल्या शेंगांतून त्याची पुढची पिढी तयार होते. हाच भुंगा साठवलेल्या भुईमुगालाही लागतो, त्यामुळे ही केवळ चिंचवाल्याची डोकेदुखी नाही.

यावर काय करता येईल, हे सांगितल्याशिवाय पत्र अपुरे राहील. झाडांच्या यादीत ‘नग एक’ याऐवजी छातीच्या उंचीवर मोजलेला बुंध्याचा घेर, पसाऱ्याचा व्यास आणि अंदाजे वय या तीन गोष्टी लिहिल्या जाव्यात आणि भरपाई त्यांवर ठरावी. हे मोजायला एक फीत आणि दहा मिनिटे पुरतात. घेर मोठा असेल, तर रस्त्याची आखणी काही मीटर सरकवण्याचा विचार आधी आणि तोडण्याचा विचार नंतर व्हावा. जी झाडे वाचतील, त्यांच्या बुंध्याला भिडेपर्यंत डांबर किंवा काँक्रीट ओतण्याची पद्धत बंद व्हावी, कारण मुळांना हवा आणि पाणी न मिळाल्याने झाड उभ्या उभ्या वाळते आणि मग तेच वाळणे ते तोडण्यासाठी पुरेसे कारण ठरते. नवी लागवड पावसाच्या सुरुवातीला, पाणी न साचणाऱ्या जागी, पुरेशा अंतरावर आणि कोवळ्या रोपांनी किंवा चिंचोके पेरून व्हावी, आणि किमान दोन उन्हाळे त्यांना पाणी देण्याची जबाबदारी कोणाची, हे लेखी ठरलेले असावे.

आणखी एक मागणी आहे आणि ती मला सर्वांत निकडीची वाटते. बियांपासून आलेली चिंच आईसारखीच निघेल याची खात्री नसते. एखाद्या जुन्या झाडाचा गर विशेष जाड असतो, एखाद्याचा रंग तांबडा राहतो, एखादे दुष्काळातही फळते; हे गुण पुढे जसेच्या तसे न्यायचे, तर त्या झाडाच्या काड्या किंवा फांदीवरचे डोळे घेऊन कलमेच करावी लागतात. थायलंडमधील फेत्चबून प्रांत गोड चिंचेसाठी प्रसिद्ध आहे, तो गोड निघालेल्या झाडांची अशी कलमे जपल्यामुळे. आपल्याकडे मात्र झाड तोडले जाते आणि त्याचे गुण कोणते होते, हे कोणी विचारतही नाही. म्हणून जिथे जुनी चिंच तोडणे खरोखरच टळत नाही, तिथे तोडण्यापूर्वी किमान एक हंगाम आधी जाहीर सूचना लावावी, ती सूचना जवळच्या रोपवाटिकेला आणि कृषी महाविद्यालयाला पाठवावी, आणि त्यांनी काड्या नेल्याची पोच तोडणीच्या परवानगीला जोडणे बंधनकारक करावे.

आपला विश्वासू,
एक वाचक